आम्हाला राग नेमका कशाचा येतो?

चर्चमध्ये सिनेमाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच. एखाद्या चित्रपटात फादर दारू पिताना दाखवला, एखाद्या गाण्यात गळ्यात क्रूस घालून नटी नाचली, की उपासनेनंतरच्या चहाला त्याचीच चर्चा. कोणीतरी मोबाइलवर निषेधाचा मजकूर पुढे पाठवतो, कोणीतरी तहसीलदारांना निवेदन देऊ म्हणतो. आठवडाभरात सगळं शांत होतं. एरवी वर्षभर घरोघरी संध्याकाळी सातपासून दहापर्यंत टीव्ही चालू असतो, पोरांच्या हातात फोन असतो, वरातीपुढे डीजे असतो, आणि त्याबद्दल व्यासपीठावरून अवाक्षर निघत नाही. निघालंच तर ‘जगिक गोष्टींपासून दूर राहा’ एवढंच.

मी नगरचा. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. रविवारी सकाळी मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो आणि गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. त्यामुळे ‘ख्रिस्ती माणसाने जगिक गाणी वाजवावीत का’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. घरच्यांनी विचारला, पाळकसाहेबांनी विचारला, मुलगी बघायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनीही विचारला. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि आता माझं मत पक्कं आहे. लोकप्रिय कलेकडे बघताना ख्रिस्ती माणसाने स्वतःचा मान मोजणं सोडावं, आणि त्या कलेत दुबळ्या माणसाचं काय होतंय ते मोजावं.

मोठे वाद आठवून बघा. २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा देशभर ख्रिस्ती संघटनांनी निषेध केला. सेन्सॉर बोर्डाने फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं, ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना दाखवायला लावली, तरी काही राज्यांनी बंदी घातलीच. २०१५ मध्ये मुंबईत ‘अ‍ॅग्नेस ऑफ गॉड’ या नाटकाचा प्रयोग होऊ नये म्हणून कॅथलिक संघटना पुढे आल्या. भावना दुखावल्या होत्या हे खरंच. ज्या नावाने आपण सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतो त्या नावाशी कोणी खेळलं की पोटात तुटतं, मलाही तुटतं. पण त्याच वर्षांत आपण रोज रात्री जेवता जेवता काय बघत होतो? काळ्या रंगावरचे विनोद, जाडेपणावरचे विनोद, तोतरं बोलणाऱ्यावरचे, साडी नेसवलेल्या पुरुषावरचे. मालिकेतली कामवाली म्हणजे चोंबडी, खेड्यातला माणूस म्हणजे येडा. यासाठी कोणत्या मंडळीने कधी निवेदन लिहिलं?

आमच्या संडे स्कूलमधली एक मुलगी नाताळच्या नाटकात देवदूत व्हायला तयार नव्हती. पाठांतर तिचं सगळ्यांत चांगलं, आवाज खणखणीत, तरी नको म्हणून बसली. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “काळा देवदूत म्हणून हसतील.” शाळेतली पोरं टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातलं वाक्य तिला येता-जाता ऐकवत होती. तो कार्यक्रम आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांत आवडीने बघितला जातो. त्यात येशूचा अपमान नाही, क्रूसाचा नाही, धर्मगुरूचा नाही, म्हणून त्याचा आम्हाला कधी रागच आला नाही.

शुभवर्तमानांत येशूचा राग कुठे कुठे दिसतो ते एकदा काढून बघावं. लोक त्याला खादाड म्हणाले, दारूबाज म्हणाले, जकातदारांचा मित्र म्हणाले, आणि त्याने ते स्वतःच सांगून टाकलं, त्यावर भांडत बसला नाही. तो रागावला तो मंदिराच्या आवारात खरेदी-विक्री करणाऱ्यांवर. रागावला तो लेकरांना त्याच्याजवळ येऊ न देणाऱ्या शिष्यांवर. आणि मार्काच्या तिसऱ्या अध्यायात रागावला तो वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असताना शब्बाथाचा नियम धरून गप्प राहणाऱ्यांवर. आमचा राग आणि त्याचा राग यांची यादी शेजारी-शेजारी ठेवली तर फार कमी जागी जुळेल, याचं मला वाईट वाटतं.

आता आमच्या वाडवडिलांबद्दल. त्यांनी तमाशाला आणि पुढे सिनेमाला दार बंद केलं, त्याची टिंगल करायची आजच्या तरुणांना सवय आहे. मला ती आवडत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ मध्ये. पुढच्या काळात खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. गावात वाजवणं आणि नाचणं ही त्यांची हौस नव्हती, बलुत्यासोबत आलेली सक्ती होती. माझे पणजोबा हलगी वाजवायचे. पाटलाच्या घरचं लग्न असो की देवीची जत्रा, बोलावणं आलं की जायचं, उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि पंगती उठल्यावर उरलेलं पदरात घ्यायचं. मांडवाच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वाजवायला जाणं सोडलं, आणि घरात सांगतात की त्या सुगीत गावाने त्यांचं धान्य अडवलं. तमाशाच्या फडातल्या बाईच्या वाट्याला काय येत होतं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसांनी ‘आमच्या पोरांनी पुन्हा त्या वाटेला जायचं नाही’ म्हटलं, तर त्यात देवभोळेपणा कमी आणि स्वाभिमान जास्त होता. ज्या मापाबद्दल मी बोलतोय त्याच मापाने त्यांनी ती बंदी घातली होती.

पुढच्या पिढ्यांनी बंदी तेवढी सांभाळली. ती कोणासाठी होती हे त्या विसरल्या. माझ्या तरुणपणी एका कन्व्हेन्शनमध्ये बाहेरून आलेल्या वक्त्याने सगळ्यांना जगिक गाण्यांच्या कॅसेट पुढे आणून टाकायला सांगितल्या. ढीग पडला. माझ्या मित्राने फीत बोटांनी ओढून काढत काढत आपली कॅसेट मोडली. ती मराठी बालगीतांची होती, त्याच्या धाकट्या बहिणीची. त्या रात्री कोणता दुबळा माणूस कोणाच्या तावडीतून सुटला?

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कॅरल फेरीत हलगी घ्यावी असं मी तरुण संघाला सुचवलं. फायबरची हलगी बाजारात मिळते, पण पोरांनी कातड्याचीच आणली. ती शेकोटीवर तापवायची, कातडं ताठ झालं की बोटाने टिचकी मारून बघायची, मग एका हातात आखूड जाड काठी आणि दुसऱ्यात लांब बारीक काडी. चर्चच्या आवारात सराव सुरू होता तेव्हा मंडळीतले एक वयोवृद्ध काका काठी टेकत आले.

“बाळा, याच वाद्यासाठी माझ्या बापाला मांडवाबाहेर उभं केलं होतं. ते तू माझ्या दारात येशूच्या नावाने वाजवणार?”

मी म्हणालो, “काका, तेव्हा दुसऱ्याच्या हुकमाने वाजत होती. आता आपल्या मनाने वाजेल.”

“तुला ते वेगळं वाटतं. मला ऐकायला एकच येतं.”

त्यांच्या गल्लीत आम्ही हलगी बंद ठेवून नुसते गायलो. बाकी सगळ्या वस्तीत ती वाजली आणि पुढच्या वर्षापासून दर नाताळला वाजते आहे. दोन्ही योग्यच झालं असं मला वाटतं. जखम ज्याची त्याला तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क आहे, आणि त्याच्या नातवाला ते वाद्य परत मागायचाही हक्क आहे. लोककलेशी, लोकप्रिय कलेशी नातं जोडायचं म्हणजे असं एकेका दारात उभं राहून ठरवावं लागतं. ‘जगिक’ असा एकच शिक्का मारून ते काम होत नाही.

हे माप मी नव्याने शोधलेलं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ते ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. लिहिणारे बाबा पदमनजी, ख्रिस्ती झालेले. कादंबरी हा प्रकारच तेव्हा मराठीला नवा होता, कोणीही ‘हे काय साहेबी खूळ’ म्हटलं असतं. पदमनजींनी त्यात स्वतःच्या छळाची कहाणी सांगितली नाही. विधवांचे हाल सांगितले. पुस्तकाला धर्मप्रचाराचाही हेतू होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पण आज कोणी ते उघडतं ते केशवपनाच्या आणि कोंडून ठेवलेल्या बायकांच्या त्या चित्रासाठी.

वडीलधाऱ्यांची आणखी एक भीती मिसळण्याची. जगाचं वारं आत येईल, आपलं काही आपलं उरणार नाही. त्यांना मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो. १९१०-११ च्या सुमारास फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. त्यातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. ख्रिस्ताची गोष्ट बघून त्र्यंबकेश्वरच्या एका माणसाला आपल्या देवांची गोष्ट सांगावीशी वाटली, यात कोणाचं काय गेलं? त्याच्या तीनशे वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स उलट्या दिशेने चालले होते. गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना तसंच काही ऐकायला हवं होतं. म्हणून या इंग्रज जेझुइटाने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेने ओवी हातात घेतली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. राशोलला ते १६१६ मध्ये छापलं गेलं. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक मिसळण्यातूनच बोलायला शिकलो आहोत.

घेणं मात्र मनापासूनचं हवं. आमच्याकडे हल्ली एक प्रकार फार बोकाळला आहे: गाजलेल्या सिनेगीताची चाल घ्यायची आणि तिच्यावर येशूचे शब्द बसवायचे. मात्रा कमी पडली की ‘हो’ आणि ‘रे’ घालायचे. अंतऱ्याआधीचा सनईचा तुकडासुद्धा मूळ गाण्यातला तस्साच वाजवा, असा मला आग्रह होतो. मी नाही म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नायक-नायिकाच येतात. ज्याने चाल बांधली त्याला ना पैसा ना नाव. आणि ज्या शब्दांनी देवाची स्तुती करायची ते शब्द मात्रेच्या भोकात कोंबलेले असतात. तरुण येतील म्हणून हे करतात. तरुण मूर्ख नाहीत, आमिष त्यांना लगेच ओळखू येतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, कारण अभंग आणि कीर्तन त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ‘उपासना संगीत’ उघडलं की आजही आम्ही त्यांची भजनं गातो, आणि पेटीवर पहिला सूर लागला की म्हातारी माणसं डोळे मिटून उचलतात.

मला खरा धडा मिळाला तो गोव्याच्या वादकांकडून, तेही त्यांना न भेटता, नुसते त्यांचे तुकडे कानाने उतरवून घेताना. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना चर्चच्या गायन-वादनासाठी स्वरलिपी वाचायला शिकवत. पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवा झाला तेव्हा कागदावरचं वाचून एकत्र वाजवणारी तयार माणसं याच शाळांतून आली. संगीतकार चाल सुचवायचा. तिच्यामागे व्हायोलिनचा ताफा कुठे शिरेल, गायकाचा श्वास पडेल तिथे कोणतं वाद्य बोलेल, खालून दुसरी सुरावट कशी चालेल, हे लिहून काढायचे ते अरेंजर. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, ज्यांचा ट्रम्पेट ‘अलबेला’च्या काळात घुमला. फ्रँक फर्नांड, ज्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीवर ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचा ध्यास घेऊन त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

या माणसांनी त्या गाण्यांत कुठे येशूचं नाव घुसवलं नाही. भजन असलं तरी, कव्वाली असली तरी, कॅबरे असला तरी समोरच्या कागदावरचा प्रत्येक स्वर त्यांनी चोख वाजवला. पडद्यावरच्या नामावलीत बहुतेकांची नावं येत नसत. तुमच्या आजीला जे गाणं ऐकून रडू येतं त्यातलं निम्मं रडू कदाचित अशा एखाद्या अनाम व्हायोलिनवाल्याने आणलेलं असतं. मला ही ख्रिस्ती सेवाच वाटते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांच्यापैकी एकाचं नाव गाण्यातून घरोघरी गेलं ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. आणि त्या सिनेमातला अँथनी दारू विकतो, मारामाऱ्या करतो म्हणून आमच्यातले काही लोक नाक मुरडतात. मला तो फार आवडतो. चर्चमध्ये जाऊन तो येशूशी मित्राशी बोलावं तसं बोलतो. ते आम्हीही शिकावं असं आहे.

पडद्यावरच्या ख्रिस्त्याबद्दल माझी एक तक्रार आहे, पण ती वेगळी. स्कर्टमधली पोरगी, बारमधला अंकल, खलनायकाच्या टोळीतला रॉबर्ट, हे चित्रण एकसुरी आहेच. त्याहून मोठी उणीव ही, की लुगडं नेसून बाजरीची भाकरी थापणारी, पहाटे उठून मराठी बायबल वाचणारी माझी आजी त्यात कुठेच नाही. ती कोणी दाखवायची? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, आणि ते इतकं जिवंत, इतकं निर्भीड लिहिलं, की विजयाबाई मेहतांना त्यावर चित्रपट करावासा वाटला. लक्ष्मीबाईंनी आपली बाजू मांडायला अर्ज केला नव्हता. आमच्या मंडळीतून आज एक एकांकिका स्पर्धेला जात नाही, एक पटकथा लिहिली जात नाही. निषेधाची पत्रकं लिहायला मात्र माणसं लगेच मिळतात.

२०१४ मध्ये नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ लागला तेव्हा तरुण संघाची पोरं घेऊन मी थिएटरला गेलो. आधी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. डुक्कर धरायला पळणारं कैकाडी कुटुंब, कुंपणाबाहेर उभी राहून आरोळ्या मारणारी गावातली पोरं, आणि मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. त्या घरातला शाळकरी जब्या थांबतो, बाप थांबतो, सगळं घर ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. थिएटरमध्ये काही जण हसले. आमची पोरं हसली नाहीत. पुढे फुले, आंबेडकर, गाडगेबाबांच्या चित्रांनी रंगवलेल्या भिंतीसमोरून ते धरलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, आणि शेवटी जब्या दगड उचलतो तो थेट आपल्याकडे भिरकावतो.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून बसलो. बराच वेळ कोणी बोलेना. मग नर्सिंग शिकणारी एक मुलगी म्हणाली, “दादा, आपल्यात लग्न ठरवताना ‘मूळचे कोण’ असं विचारतातच ना?” एका मुलाने “आता नाही विचारत” म्हटलं. कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत असलेल्या महिला मंडळाच्या एक मावशी थांबल्या. “विचारतात,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाच्या वेळी मीच विचारलं.” नंतर तासभर जे बोलणं झालं तसं बोलणं मी त्या हॉलमध्ये आधी ऐकलं नव्हतं. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या बाकांची जुनी व्यवस्था, कोणाच्या घरचं पाणी कोणी टाळलं, दफनभूमीतल्या जागा. ख्रिस्तात भेद नाही हे आम्ही दर वर्षी प्रवचनात ऐकतो. ते आमच्यात खरंच आहे का, असं आम्हाला विचारलं ते चर्चशी काही संबंध नसलेल्या एका सिनेमाने. पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. जाताना म्हणाले, “पुढच्या वेळी मला आधी सांगा. मीही बघून येतो.”

पौल अथेन्समध्ये फिरला तेव्हा मूर्ती बघून त्याचा जीव तळमळला, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तरी तो त्यांच्या वेद्या नीट बघत हिंडला, आणि अरियपगावर उभं राहून त्यांच्याच कवींचा दाखला देऊन बोलला. त्याचा कान उघडा होता. आमच्या प्रवचनांत आजचा एखादा मराठी कवी, एखादं नाटक, एखादा सिनेमा शेवटचा कधी आला होता?

म्हणून सगळंच चालतं असं मी म्हणत नाही. बाईला तंदुरी कोंबडी म्हणणारी गाणी मी वाजवत नाही. समोर दहा-बारा वर्षांच्या पोरी त्यावर कंबर हलवत असतात आणि मागे बाप्ये शिट्ट्या मारत असतात, ते मला बघवत नाही. सुपारी घेतानाच सांगतो, अमुक गाणी माझ्याकडून मिळणार नाहीत. त्यापायी काही कामं जातात. ‘ख्रिस्ती आहे, त्याच्या धर्मात बसत नाही’ असं आयोजक आपापसांत बोलतात, तेव्हा मी त्यांना थांबवून सांगतो, की यात धर्माचा प्रश्न नाही, त्या पोरींचा आहे. माझ्याबरोबरचा मुसलमान ऑक्टोपॅडवाला आणि हिंदू गायिका आता माझ्या बाजूने उभे राहतात. गायिका तर म्हणाली, “भाऊ, मला ते म्हणताना लाज वाटायची, पण बोलायचं कोणाला?” पाळकांच्या शंभर निवेदनांनी जे झालं नसतं ते त्या स्टेजच्या मागे उभ्याउभ्या झालं, कारण आम्ही तिथे रोज एकत्र काम करतो.

गेल्या महिन्यात मी कमिटीपुढे लेखी प्रस्ताव ठेवला आहे. दर दोन महिन्यांनी एका रविवारी हॉल उघडा ठेवावा. सिनेमा, नाटक किंवा मालिका पोरांनी निवडावी, सगळ्यांनी आपापली बघून यावी, आणि मग बसून बोलावं. नाताळच्या कार्यक्रमात बायबलमधल्या प्रसंगांसोबत आपल्याच वस्तीतल्या माणसांवर लिहिलेल्या नव्या एकांकिकेलाही जागा आणि बक्षीस असावं. संडे स्कूलच्या मुलांना स्वरलिपी शिकवावी, हलगीही शिकवावी. शिकवायला मी तयार आहे, फी नको.

बैठकीत एक पंच म्हणाले, “उद्या पोरांनी वाह्यात सिनेमा निवडला तर?” मी म्हणालो, “तर त्याबद्दल ती आपल्यासमोर बोलतील. आत्ता पांघरुणात फोन धरून एकटी बघतात.” त्यावर निर्णय झालेला नाही, बैठक पुन्हा पुढच्या रविवारी आहे. पोरांनी पहिलं नाव आधीच सुचवून ठेवलं आहे: ‘सैराट’. काही वडीलधाऱ्यांना त्यातली गाणी आठवून धसका बसला. मला त्याचा शेवट आठवतो, आणि ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आपल्या मंडळीतल्या ज्या ज्या घरात विचारला जातो त्या घरातल्या आई-वडिलांनी मुलांच्या शेजारी बसून तो शेवट बघावा, अशी माझी विनंती आहे.